डाउन पेमेंटसाठी तुम्ही कुणाकुणाची मदत घेतलीत?

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात भाड्याने राहतो, दोघंही खासगी नोकरीत. परवा बांधकाम चालू असलेला एक फ्लॅट पाहिला आणि तो दोघांनाही आवडला (लग्नानंतर असं दुसऱ्यांदा घडलंय). किंमत ५२ लाख. बँक ८० टक्के देते म्हणे, म्हणजे आपले १० लाख ४० हजार. आमची पुंजी ९ लाख. वरचे दीड लाख कुठून आणायचे, एवढाच प्रश्न आहे. सासरे त्यांची एफडी मोडायला तयार आहेत. नवऱ्याचा मामेभाऊ "घेऊन ठेव रे, सावकाश दे" म्हणतोय. शिवाय पीएफ आहे, पर्सनल लोन आहे, माझ्या पाटल्या आहेत.

तुम्ही काय केलंत? आणि पहिल्या घरासाठी सरकारची काही मदत असते ना?

शून्यशिल्लक
पाटल्यांना हात लावू नका. बाकी चर्चा चालू द्या.

गणिताच्या_बाई
खिडकीपाशी, अभिनंदन. पण दीड लाख नाही हो, गणित चुकलंय. वही काढा.

किंमत ५२ लाख. त्यातले बँकेचे ४१ लाख ६० हजार, तुमचे १० लाख ४० हजार. इथपर्यंत बरोबर. आता किमतीच्या वरचं. पुण्यात मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १ अधिभार, म्हणजे ७ टक्के: ३ लाख ६४ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू आहे आणि किंमत ४५ लाखांच्या वर, म्हणून जीएसटी ५ टक्के: २ लाख ६० हजार. एकूण १६ लाख ९४ हजार. यात पार्किंग, सोसायटीची आगाऊ वर्गणी, पंखे, पडदे, काहीच धरलेलं नाही.

तुमच्याकडे ९ आहेत. कमी पडतात ते आठ लाख.

खिडकीपाशी
बाई, मी जरा पाणी पिऊन येते.

निवृत्त_रोखपाल
बाईंचा हिशोब बिनचूक आहे. बँकेच्या बाजूने थोडं सांगतो, कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत.

रिझर्व्ह बँकेने टप्पे ठरवून दिले आहेत. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० पर्यंत, त्यावर ७५ पर्यंत. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी घराच्या किमतीत धरायचं नाही असाही नियम आहे. १० लाखांच्या आतल्या घराला सूट आहे, पण तसं घर आता पुण्यात दाखवा. म्हणजे ते पैसे खिशातूनच. जीएसटीचं मात्र तुमच्या बँकेला विचारा.

लोक आणखी एका ठिकाणी फसतात. तुमचा वाटा भरल्याच्या पावत्या आणि खात्याचा उतारा पाहिल्याशिवाय बँक कर्जाच्या रकमेचा पहिला भाग सोडत नाही. "आधी कर्ज मंजूर होऊ दे, मग आपले जमवू" असं चालत नाही.

पर्सनल लोनबद्दल. ते घेतलंत की क्रेडिट रिपोर्टवर दिसतं आणि त्याचा हप्ता तुमच्या पात्रतेतून वजा होतो. ४१ लाख ६० हजार २० वर्षांसाठी ८ टक्क्यांनी धरले तर हप्ता ३५ हजारांच्या आसपास. आठ लाखांचं पर्सनल लोन पाच वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतलंत तर त्याचे जवळजवळ १८ हजार. शिवाय ताबा मिळेपर्यंत घरभाडं. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर काय, हा विचार बुकिंगच्या आधी करा ताई.

टेकडीवरचा
सरकारी मदतीचं. प्रधानमंत्री आवास योजनेत पूर्वी व्याज अनुदान मिळायचं. मध्यम उत्पन्न गटासाठी ते मार्च २०२१ ला आणि बाकीच्यांसाठी मार्च २०२२ ला थांबलं. शहरी योजनेचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालाय. त्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही पक्कं घर नावावर नको. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार.

तुमचा फ्लॅट ५२ चा, म्हणजे विषय संपला. आणि बसत असतात तरी हे पैसे पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात. डाउन पेमेंटला त्यातला एक रुपया हातात येत नाही. बुकिंगच्या वेळी एजंट "सबसिडी मिळेल, काळजी नको" म्हणतात ते या अर्थाने अर्धसत्य असतं.

भुईनळा
५२ लाखांचं घर घेण्यापेक्षा भाड्याने राहा आणि तेच पैसे म्युच्युअल फंडात टाका. सोपं गणित आहे.

शून्यशिल्लक
आला, आला! दहाव्या प्रतिसादाच्या आत येणार हे माहीत होतं.

गणिताच्या_बाई
भुईनळा, त्यावर वेगळा धागा काढा, मी स्वतः भांडायला येईन. इथे प्रश्न निराळा आहे.

रानजाई
पीएफचा स्वानुभव. आधीचा नियम असा होता की घरासाठी पैसे काढायला पाच वर्षांचं सभासदत्व हवं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने सगळ्याच अंशतः उचलींसाठी १२ महिन्यांची सेवा पुरे आणि २५ टक्के शिल्लक खात्यात ठेवायची, असं ठरवलं. मी काढले तेव्हा जुना नियम होता.

ऑनलाइन अर्ज दहा मिनिटांत होतो, हे खरं. पण आधार कार्डावर माझं सासरचं आडनाव आणि पीएफच्या नोंदीत माहेरचं. शिवाय पहिल्या नोकरीचं खातं दुसरीकडे वळवलेलंच नव्हतं. पहिल्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात मला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. पत्रं, फोन, कंपनी आणि मी दोघांच्या सह्यांचं घोषणापत्र, सगळं करून पैसे यायला अडीच महिने लागले. बिल्डरच्या मागणीपत्राची तारीख कधीच उलटून गेली होती, त्यावर व्याज लागलं ते वेगळं.

खिडकीपाशी, पैसे काढा अगर काढू नका, पण आज रात्री नाव, जन्मतारीख आणि जुनी खाती तपासून ठेवा.

कडक_चहा
पीएफ कधीही काढू नये!! ८.२५ टक्क्यांनी करमुक्त वाढणारा पैसा आहे. आजचे ५ लाख २५ वर्षांत ३६ लाख होतात. म्हातारपणी घराच्या भिंती चाटणार का?

टेकडीवरचा
कडक_चहा, ते पाच लाख पीएफमधून काढले नाहीत तर कुठून आणणार? १२ टक्क्यांच्या पर्सनल लोनमधून. तेही गणित २५ वर्षं ओढून बघा. ८ टक्क्यांचं कर्ज घेऊन सव्वाआठ टक्क्यांची ठेव जपणं समजू शकतो. १२ चं घेऊन जपणं म्हणजे हौस.

कडक_चहा
पर्सनल लोन घ्या असं मी म्हटलेलं नाही. घर लहान घ्या असं म्हणतोय.

टेकडीवरचा
मग सहमत.

पावती_पुस्तक
मामेभावाचं बघू. आयकर खात्याची नात्यांची व्याख्या आपल्यापेक्षा वेगळी आहे. आईवडील, भाऊबहीण, नवरा-बायको, सासूसासरे, दीर, नणंद, मामा, मावशी, काका, आत्या यांच्याकडून कितीही रक्कम भेट मिळाली तरी कर नाही. पण मामेभाऊ, चुलतभाऊ, मावसबहीण त्या यादीत नाहीत. त्यांच्याकडून, मित्रांकडून वगैरे वर्षात एकूण ५० हजारांच्या वर भेट मिळाली तर सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते.

शून्यशिल्लक
म्हणजे मामा सख्खा आणि मामेभाऊ परका. आयकर खात्यात कुणाचं तरी मामेभावाशी वाजलेलं असणार.

पावती_पुस्तक
:) तर मामेभावाकडून घ्यायचेच असतील तर उसने घ्या, भेट म्हणून नको. उसन्या पैशांवर तुम्हाला कर नाही. मात्र बँकेतूनच घ्या आणि बँकेतूनच परत करा. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख उसनं घेतलं तर तेवढाच दंड होऊ शकतो. घराच्या व्यवहारातल्या रोख टोकनलाही हेच लागू आहे, "बयाणा रोख द्या" म्हणणाऱ्यापासून जपून. आणि एक साधा कागद करा: किती दिले, कधी दिले, परत केव्हा. दोघांच्या सह्या.

खिडकीपाशी
कागद केला तर नवऱ्याचा मामेभाऊ जन्मभर बोलणार नाही. "आपल्यात कसला कागद?"

कोकणकडा
"आपल्यात कसला कागद" यावर मी पीएचडी करू शकते.

आमच्या वेळी मोठ्या दिरांनी सात लाख दिले होते. तोंडी. आम्ही समजलो उसने, ते समजले भागीदारी. चार वर्षांनी आम्ही पैसे परत करायला गेलो तर म्हणाले, "पैसे नकोत, घराचा भाव किती झालाय ते सांग." करारनाम्यावर त्यांचं नाव नव्हतं, कायद्याने काही होणार नव्हतं, पण गणपतीला गावी जाणं दोन वर्षं बंद होतं. शेवटी सासूबाईंनी मध्ये पडून जास्तीची रक्कम ठरवली.

त्यात वाईट कुणीच नव्हतं हो. त्यांच्या मनात एक वाक्य होतं, आमच्या मनात दुसरं, आणि कागदावर एकही नव्हतं.

पावती_पुस्तक
त्यासाठीच. कागद म्हणू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहा: "दादा, तुझे तीन लाख आज आले, पुढच्या दिवाळीपासून परत करायला सुरुवात करतो." त्याने अंगठा टाकला तरी बरंच काम झालं.

नाना_माडीवाले
सासऱ्यांच्या एफडीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मी त्या बाजूचा माणूस आहे.

सेवानिवृत्तीनंतर मुलाच्या घरासाठी मी १२ लाख दिले. त्याने मागितले नव्हते, मीच पुढे झालो. बापाला आनंद असतो हो, खोटं कशाला बोलू. वास्तुशांतीच्या दिवशी मी सगळ्यांना स्वयंपाकघराची खिडकी दाखवत होतो, जणू मीच बांधली. पुढच्याच वर्षी आमच्या हिचं ऑपरेशन निघालं. विमा होता, पण पुरा पडला नाही. मुलाला फोन केला तेव्हा मला शब्द सुचत नव्हते. आणि तो "बाबा, दोन दिवस द्या, करतो काहीतरी" म्हणाला, त्यात त्याचा आवाज कसा झाला होता ते मला अजून आठवतं. त्याचा हप्ता चालू, मुलाची शाळा चालू. त्याने केलं, पर्सनल लोन काढून केलं.

पैसे दिल्याचा मला पश्चात्ताप नाही. सगळे दिले याचा आहे. तुमचे सासरे तयार आहेत म्हणजे ते नक्की देतील. किती घ्यायचे हे तुम्हीच ठरवायचं आहे, ते ठरवू शकणार नाहीत. एफडीच्या व्याजावर त्यांचं महिन्याचं काय काय चालतं, हे एकदा सासूबाईंना विचारा. सासऱ्यांना विचारू नका, ते "काही नाही" म्हणतील.

रानजाई
नाना, नमस्कार करते.

निवृत्त_रोखपाल
नाना, मनापासून लिहिलंत. त्यात एक भर. मोडण्याऐवजी एफडीच्या तारणावर कर्ज काढता येतं. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतं आणि ठेव जागेवर राहते. पण कर्ज ठेवीदाराच्या नावावर होतं. हप्ता तुम्ही वेळेवर दिला नाहीत तर ठेव त्यांची जाणार, हे दोन्ही घरांत स्पष्ट बोललेलं असावं.

घाटमाथा
मी सरकारी नोकर. केंद्रात घरबांधणी अग्रिम (घरासाठी सरकारकडून कर्ज) मिळतं, ३४ महिन्यांचं मूळ वेतन किंवा २५ लाख, यातलं कमी असेल ते. माझं अर्ध्याहून जास्त काम त्यात झालं. वरचं ऑफिसच्या पतपेढीतून. पतपेढीत पंधरा वर्षं वर्गणी जात असते आणि तिथे कर्ज मिळतं हे कुणालाही घर घ्यायच्या वेळीच आठवतं.

भुईनळा
आम्ही खासगीवाल्यांनी काय भिशी लावायची?

घाटमाथा
आईने भिशीतूनच माझ्या पहिल्या स्कूटरचे पैसे भरले होते. हसू नका.

मधली_सुट्टी
वीस प्रतिसाद झाले आणि मूळ फ्लॅटबद्दल कुणी विचारलंच नाही. बिल्डर करारनाम्याआधी किती मागतोय?

खिडकीपाशी
२० टक्के आधी भरा, मग करारनामा, असं म्हणालाय.

मधली_सुट्टी
थांबा तिथेच. रेरा कायद्यानुसार (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) विक्री करारनामा करून त्याची नोंदणी केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊच शकत नाही. आणि करारनामा हातात नसताना बँक कर्ज सोडणार नाही. म्हणजे तुमचे दहा लाख एका पावतीवर अडकणार. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख बघा. माझे स्वतःचे पैसे चौदा महिने असेच अडकले होते, म्हणून आवाज चढलाय.

खिडकीपाशी
त्याचीच दुसरी योजना होती, "आत्ता १० टक्के भरा, ताब्यापर्यंत हप्ता आम्ही भरू". ती चांगली वाटली होती.

निवृत्त_रोखपाल
ताई, त्यात कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डरने हप्ता भरला नाही की थकबाकीदार तुम्ही. अशा प्रकारांमुळेच रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना सांगितलं की पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच सोडा, आणि २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांनाही यापासून दूर राहायला सांगितलं गेलं. योजना नवं नाव घेऊन परत येत असतात.

कडक_चहा
फक्त ताईंच्या नावावर घ्या. महिलेला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ५२ हजार वाचले.

गणिताच्या_बाई
बरोबर, पण खरेदीदार फक्त महिला असेल तरच. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. आणि मालक नसलेल्या नवऱ्याला व्याजाची वजावट मिळत नाही.

पावती_पुस्तक
नव्या करप्रणालीत असाल तर स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट कुणालाच नाही. तेव्हा ते दुःख नको.

शून्यशिल्लक
नवऱ्याला विचारलंय का कुणी?

खिडकीपाशी
नवरा मागे उभा राहून वाचतोय. "माझं नाव दारावर लाव म्हणजे झालं" म्हणाला.

---

खिडकीपाशी
पाच आठवड्यांनी परत आलेय. सगळ्यांचे आभार, वही भरलीय.

तो फ्लॅट सोडला. बिल्डरला १० टक्क्यांचा नियम सांगितला तर त्यांचा माणूस म्हणाला, "मॅडम, मग तुम्ही ऑनलाइनच घर घ्या."

सासूबाईंना विचारलं. एफडीच्या व्याजातून दोघांची औषधं आणि मदतनीस बाईंचा पगार जातो. सासऱ्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. ती एफडी आता विषयातून बाद.

एक रीसेल वन बीएचके पाहिलाय, ४१ लाख. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आहे, म्हणून जीएसटी नाही. बाई, हिशोब तपासा: आपला वाटा ८ लाख २० हजार, माझ्या एकटीच्या नावावर ६ टक्क्यांनी शुल्क २ लाख ४६ हजार, नोंदणी ३० हजार, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५ हजार. एकूण ११ लाख २१ हजार. आमचे ९, माझ्या पीएफमधून २ लाख ४० हजार (आडनाव दुरुस्त करून घेतलं, रानजाई!). मामेभावाकडून काही नाही. पाटल्या हातात आहेत.

गणिताच्या_बाई
दहापैकी दहा. फक्त मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यात जी जास्त असेल तिच्यावर लागतं, ती बघून घ्या.

निवृत्त_रोखपाल
छान केलंत. एक गोष्ट राहिली. रीसेलमध्ये बँक स्वतःचा मूल्यांकनकार पाठवते. तो ३९ लाख म्हणाला तर बँक ८० टक्के ३९ चे धरेल, ४१ चे नाही. म्हणजे ३१ लाख २० हजार. तुम्हाला आणखी १ लाख ६० हजार लागतील. मूल्यांकन झाल्याशिवाय मोठा बयाणा देऊ नका. इमारत किती वर्षांची?

खिडकीपाशी
एकवीस. का? मूल्यांकनकार मंगळवारी येतोय.

निवृत्त_रोखपाल
जुन्या इमारतीत कर्जाची मुदत ठरवताना तिचं उरलेलं आयुष्य बघतात. २० वर्षं मागितली आणि १५ मिळाली तर हप्ता वाढेल. सोसायटीने संरचना तपासणी करून घेतली असेल तर तो अहवाल मागून ठेवा.

खिडकीपाशी
आत्ताच फोन केला. सचिव गावाला गेलेत.

शून्यशिल्लक
सोसायटीचे सचिव नेहमी गावालाच गेलेले असतात. खजिनदारांना गाठा.